फोडलेल्या सीलबद्दल

आज दुपारी चित्रपटांचे संच जमवणाऱ्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात मी एका पेटीची, म्हणजे एका चित्रपटाची ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीसारखी, पण अधिक स्पष्ट चित्राची तबकडी) आणि पुस्तिका असलेल्या मर्यादित आवृत्तीच्या संचाची, छायाचित्रे टाकली आणि दिवेलागणीपर्यंत दोघा-तिघांनी मला ऐकवले की, ताई, तुम्ही सील, म्हणजे वरचे प्लास्टिकचे वेष्टन, फोडले, आता त्या संचाची किंमत गेली. चित्रपट कसा वाटला, हे एकानेही विचारले नाही. पुस्तिकेत काय आहे, हेही विचारले नाही. तेव्हापासून मनात जे खदखदत आहे ते इथे लिहून टाकते, कारण माझ्या भिंतीवर येणारी माणसे पुस्तक वाचण्यासाठी घेतात आणि लुगडे नेसण्यासाठी घेतात, हे मला ठाऊक आहे.

संच आहे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या ‘ओन्ली यस्टरडे’ या १९९१ च्या जपानी ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांच्या, चित्रपटाचा. असे चित्रपट बनवणाऱ्या जपानच्या स्टुडिओ जिबली या संस्थेची निर्मिती, मूळ नाव ‘ओमोइदे पोरो पोरो’. टोकियोतील एका कार्यालयात नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा घेऊन यामागाता भागातल्या एका खेड्यात जाते, आणि तिथे जाऊन ती काय करते, तर पहाटे उठून करडईची फुले तोडते. होय, करडईचीच. आपल्या हरभऱ्याच्या वावराभोवती रोही आणि रानडुकरे आत शिरू नयेत म्हणून जिची काटेरी कड पेरतात, तीच करडई.

हा चित्रपट मी आधी लॅपटॉपवर लावला होता, गेल्या पावसाळ्यात. बाबा खाटेवर बसून सुतळी वळत होते, त्यांचे पडद्याकडे लक्षही नव्हते. फुले तोडण्याचा भाग आला आणि ते एकदम म्हणाले, “थांबव वं माय, हे तं करडी हाय!” मग त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. ती माणसे अंधार असतानाच वावरात का उतरतात, हे चित्रपटातली पात्रे सांगण्याआधी बाबांनी मला सांगितले: “दहिवर पडलं का काटे नरम रायते, ऊन चढल्यावर हात लावता येत नाही.” पुढे पडद्यावर नेमके तेच कारण आले, तेव्हा बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. हजारो कोस दूरच्या एका दिग्दर्शकाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची दखल घेतली होती, आणि तीही अचूक. आपल्या मराठी चित्रपटांत शेतकरी दिसतो तो बहुधा कर्जात बुडालेला किंवा झाडाला लटकलेला. त्याला पिकाची काय माहिती असते, हे दाखवण्याइतका वेळ कोणाकडे नसतो.

आणि नेमके तिथेच नेट गेले. ताएको फुलावर वाकलेली, हात अर्ध्यावर, असे चित्र पडद्यावर गोठून राहिले. बाबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग ते ढोरांना पाणी दाखवायला उठून गेले. त्या संध्याकाळी मी ठरवले की हा चित्रपट घरात हवा, हातात धरता येईल असा.

२०२० च्या फेब्रुवारीत जिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर भारतात आले तेव्हा हाही आला, हे मला माहीत आहे, त्यामुळे ते कोणी मला सांगू नये. ज्यांच्या गावात पाऊस आला तरी नेट टिकते त्यांनी तिथे खुशाल पाहावा. ब्लू-रे डिस्कला मोबाइलचा टॉवर लागत नाही, आणि थोडा वेळ वीज गेली तर इन्व्हर्टर पुरतो. मात्र ब्लू-रेमध्ये प्रदेशांची भानगड असते: जपान ‘ए’ प्रदेशात आणि भारत ‘सी’ प्रदेशात, म्हणून तिकडची डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असे नाही. सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेअर नागपूरहून मागवावा लागला. एवढ्या पैशांत खताच्या किती थैल्या आल्या असत्या, हे शेजारच्या काकांनी मला हिशेब करून सांगितले आणि तो हिशेब बरोबर आहे.

मर्यादित आवृत्ती म्हणजे ठरावीक प्रती निघतात आणि त्या संपल्या की संपल्या. याचा अर्थ प्रत्येक प्रत अशा घरी जायला हवी जिथे तिला पाहणारा कोणी आहे. प्रत्यक्षात काही मंडळी दोन-दोन प्रती घेतात, वरचा पातळ प्लास्टिकचा वेष्टनकागदसुद्धा न काढता त्या कपाटात ठेवतात, आणि बाजारातला साठा संपला की दुप्पट-तिप्पट भावाने विकायला काढतात. शेतकऱ्याने भाव पडला म्हणून तूर घरात ठेवली तर ते मला समजते. ती तूर उद्या कोणाच्या तरी घरी शिजणारच असते. या पेट्या मात्र एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातात आणि कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाहीत. पैसा त्यांचा आणि कपाटही त्यांचे, हे मान्य. पण त्यांनी मला शिकवू नये.

ज्या वस्तूला ही मंडळी हात लावत नाहीत तिच्यात काय श्रम आहेत, हे त्यांना माहीत तरी आहे का? या चित्रपटात मोठ्या वयाच्या पात्रांचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि मग त्या बोलण्याबरहुकूम चेहरे हाताने रेखाटले गेले, अगदी हसताना गालावर उमटणाऱ्या रेषांसह. जपानी ॲनिमेशनमध्ये सहसा आधी चित्रे होतात आणि आवाज नंतर येतो. पार्श्वचित्रांची धुरा काझुओ ओगा यांच्याकडे होती. ताएकोच्या लहानपणाचा, म्हणजे १९६६ चा भाग फिकट जलरंगांत आहे आणि त्याच्या कडा पांढऱ्यात विरून जातात. खेड्याचा भाग मात्र पानापानासह भरीव आहे. बाबांनी पुस्तिकेतले ते वावराचे चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि म्हणाले, “यानं वावरात बसूनच काहाडलं असन.”

सील फोडले तेही बाबांनीच. कलम बांधायच्या चाकूने, एका कडेने, कुठेही ओरखडा न पडू देता. नवी पेटी उघडण्याच्या ज्या सोहळ्याला अनबॉक्सिंग म्हणतात तो आमच्या घरी असा झाला, आणि त्याचे चित्रीकरण करावे असे मला सुचलेही नाही.

त्यानंतर आम्ही तो भाग पूर्ण पाहिला. फुले धुतात, आंबवतात, कुटून त्यांच्या चकत्या करून वाळवतात आणि त्यांपासून लाल रंग होतो, हे पाहून बाबांना आश्चर्य वाटले, कारण आपल्याकडे करडी म्हणजे तेल. “फुलंच तोडली तं दाणा कसा भरन?” हा त्यांचा प्रश्न मला सोडवता आला नाही. पूर्वी फुले तोडणाऱ्या मुलींची बोटे काट्यांनी रक्ताळत, आणि त्या रंगाची ओठांना लावायची लाली त्यांना मात्र कधी मिळत नसे, असे ताएको सांगते. मी ते वाक्य मराठीत वाचून दाखवले तेव्हा आई काही बोलली नाही, तिने फक्त आपली बोटे पाहिली. कापसाच्या बोंडाची टोके हाताचे काय करतात, हे वेचणीला गेलेल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही.

आता माझा राग बराच उतरला आहे, तरी एक गोष्ट सांगायची राहिली. या चित्रपटात पाचवीच्या मुलींची मासिक पाळी, त्यावरून वर्गातल्या मुलांची कुजबुज आणि मुलींची होणारी कुचंबणा हे सारे सरळपणे येते. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो २०१६ मध्ये पोचला, तयार झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी, आणि त्या विलंबामागे या विषयाचा संकोच होता असे सांगतात. मी शाळेत शिकवते. सहावी-सातवीच्या मुली या विषयावर माझ्याशीसुद्धा खाली मान घालून बोलतात. त्यांना हा भाग दाखवायचा आहे, आणि सीलबंद पेटीतून तो दाखवता येत नाही.

येत्या रविवारी आमच्या घरी चित्रपट लावणार आहे. मुलींच्या आयांशी बोलले आहे, त्याही येत आहेत. उपशीर्षके इंग्रजीत आहेत, ती मी मराठीत वाचून दाखवीन. गटातल्या त्या मंडळींनाही बोलावणे आहे. पुस्तिका त्यांनी स्वच्छ हातांनी उघडून पाहावी, डिस्क मात्र कडेने धरावी. या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळी भारनियमन आहे आणि एवढ्या लांबीचा चित्रपट संपेपर्यंत इन्व्हर्टरवर मोठा टीव्ही चालणार नाही, म्हणून सर्वांनी दुपारी जेवून लगेच यावे.