उंडा परातीत आहे तोवर

आयकराचं रिटर्न भरून सोलापूरकर शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी मोडायला बसतो आणि दुसऱ्याच घासाला त्याला आठवतं, ‘एफडीचं व्याज धरायचं राह्यलं की बे!’

लगेच शेजारचा सल्ला देतो, “सोड की, चार हजारासाठी कोण येतंय?” खरंय, कोणी येत नाही. यायची गरजच नसते. बँकेनं आकडा कधीच कळवलेला असतो; आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा, उघडा; पॅनखाली रुपयानिशी दिसेल.

माझा पहिला प्रश्न असतो : ई-व्हेरिफाय, म्हणजे भरलेल्या रिटर्नची ऑनलाइन पडताळणी, केलं का? नसेल तर उंडा अजून परातीत आहे. ‘डिस्कार्ड’ करून, म्हणजे भरलेलं रद्द करून, पुन्हा मळता येतो. मात्र भरायची मूळ मुदत उलटली असेल तर हा शहाणपणा नको. नवं रिटर्न उशिराचं ठरतं आणि ५,००० रुपयांपर्यंत लेट फी बसते. त्यापेक्षा जुनंच ३० दिवसांत व्हेरिफाय करा, मग सुधारा.

सुधारताना कलम १३९(५) निवडायचं, मूळ पोचपावतीचा १५ आकडी क्रमांक आणि तारीख घालायची. पुष्कळ जण फक्त चुकलेला रकाना भरून मोकळे होतात. अहो, हे नवं रिटर्न जुन्याच्या जागी बसतं, ठिगळ नव्हे. चादर अख्खीच विणायची. वाढलेला कर आधी भरून चलनाचा तपशील टाकायचा. आणि पुन्हा ई-व्हेरिफाय! इथंच निम्मे गळतात.

रिफंड जमा झाला, १४३(१)ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासल्याची खात्याची सूचना, आली, तरी मुदतीत सुधारता येतं. फक्त रिफंडचं बँक खातं चुकलं असेल तर रिटर्नला हात लावू नका, ‘रिफंड रीइश्यू’, म्हणजे परतावा पुन्हा पाठवा असं, मागा.

घाईही नको. एक चूक सापडली की तिची जाऊबाई जवळपास असतेच. एआयएस, २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि पासबुक शेजारी ठेवून एकदाच काय ते निपटा. पण फार रेंगाळूही नका. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी, म्हणजे २०२४-२५ च्या कमाईच्या रिटर्नसाठी, ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख होती. म्हणजे २०२६ च्या संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे फिरत होते, तेव्हा हे दार बंद झालेलं. उरतं आयटीआर-यू, म्हणजे मुदतीनंतरचं ‘अपडेटेड’ रिटर्न : कर आणि व्याजावर आणखी किमान २५ टक्के, आणि त्यात रिफंड वाढवून मागायची सोय नाही.

त्याच गड्ड्यात ‘सोड की’वाला शेजारी भेटतो. भज्यांचा पुडा पुढं करत हळूच विचारतो, “ते यू का काय असतंय, कसं भरायचं बे?”