टॅरोची फी म्हणजे भेट नव्हे

"टॅरो रीडिंगचे पैसे दक्षिणा असतात, वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत कर नाही," असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ही सवलत मोबदल्याविना मिळालेल्या भेटीला आहे. शनिवारी संध्याकाळी भविष्य सांगायला टॅरोचे तीन पत्ते उलगडून यूपीआयवर 501 रुपये घेतले, तर ती फीच. नाव दक्षिणा ठेवलं तरी. ती पगारासोबत उत्पन्नात धरावी लागते, आणि व्यवसायाचं उत्पन्न आयटीआर-1 या आयकर विवरणपत्रात दाखवता येत नाही. पत्त्यांचा, जागेच्या भाड्याचा खर्च वजा करता येतो, म्हणून पावत्या जपा. जीएसटी नोंदणीची वार्षिक 20 लाखांच्या उलाढालीची मर्यादा वेगळी. तिच्या आत असलात म्हणून आयकर सुटत नाही. आणि कळकळीने सांगते, करणीची भीती घालून पैसे उकळणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं.