गिल्बर्ट हिलवाल्यांना ज्वालामुखी सांगू नका

डिसेंबरात मुंबईची हवा बिघडली की एक ठरलेला फॉरवर्ड फिरू लागतो. "पृथ्वीची हवा कायमच बदलत आलीय. एक ज्वालामुखी फुटला तर माणसाचा शंभर वर्षांचा धूर त्यापुढे काहीच नाही. उगाच गाड्या-कारखान्यांच्या नावाने खडे फोडू नका." खाली चार अंगठे, दोन नमस्कार.

यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणूनच पुढचं खोटं खपून जातं.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. सुरुवातीची हायड्रोजन-हेलियमची हवा अवकाशात निघून गेली. मग ज्वालामुखींनी पोटातून वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन बाहेर टाकले. वाफेचा पाऊस झाला, समुद्र भरले. ऑक्सिजन मात्र हवेत जवळजवळ नव्हताच. तो आणला सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांनी, तोही टाकाऊ माल म्हणून! उन्हावर अन्न तयार करताना उरलेला वायू ते पाण्यात सोडायचे. समुद्रात विरघळलेलं लोखंड तो गिळायचं आणि गंजून थराथराने तळाशी बसायचं. गोव्याच्या खाणींतून बोटी भरभरून परदेशी गेलेलं खनिज याच जातीच्या थरांतलं. लोखंडाची भूक भागत आली तेव्हा, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, ऑक्सिजन हवेत साचू लागला. आपल्याला प्राणवायू, पण तेव्हाच्या कित्येक जीवांसाठी ते विषच होतं. थोडक्यात, सजीवांनी हवा बदलण्यात नवल काहीच नाही. पण त्याला कोट्यवधी वर्षं लागली, आणि त्या बिचाऱ्या बॅक्टेरियांना आपण काय करतोय हे कळत नव्हतं.

आता ज्वालामुखी. हा विषय निदान आम्हा अंधेरीकरांना तरी शिकवू नये. गिल्बर्ट हिल पाहिलीय का? चारी बाजूंनी झोपड्या आणि टॉवर, मधे सरळसोट उभा काळा कडा, डोक्यावर गावदेवीचं देऊळ. जवळ जाऊन पाहिलं तर कडा म्हणजे एकमेकांना खेटून उभे असलेले दगडी खांब. लाव्हा थंड होताना आकसला आणि असा उभा चिरत गेला. सहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. दख्खनच्या त्या उद्रेकांचा दगड आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि त्यांतून प्रचंड वायू हवेत गेला. मान्य.

पण फॉरवर्डवाले पुढचं सांगत नाहीत. हाच दगड तो वायू परतही घेतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं, दगड झिजवतं. त्यातलं कॅल्शियम नद्यांमधून समुद्रात जातं आणि शंख-शिंपल्यांत, चुनखडीत कार्बन अडकून बसतो. सह्याद्रीवर दर पावसाळ्यात हेच चाललेलं असतं. फक्त त्या वसुलीला लाखो वर्षं लागतात. आणि आपण? कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले आजचे सगळे ज्वालामुखी मिळून याच्या एक टक्काही सोडत नाहीत. हवेच्या दहा लाख भागांत कारखानदारीच्या आधी २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज ४२० च्या वर आहे. या वाढीतला मोठा वाटा १९५८ नंतरचा, म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या हयातीतला.

"पण हा वायू ज्वालामुखींचाच नाही कशावरून?" याचं उत्तर मला फार आवडतं. ज्वालामुखी वायू ओकतो तेव्हा ऑक्सिजन खर्च करत नाही. इंधन जळताना मात्र तो लागतोच. आणि हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित, पण दरवर्षी कमी होताना मोजला गेलाय. (घाबरू नका, श्वासाला पुरून उरेल इतका आहे.) चोर कोण, ते चोरीच्या पद्धतीवरूनच कळतं.

आपली आणखी एक समजूत म्हणजे समुद्र आहे, वारा सगळं घेऊन जाईल. धुळीपुरतं ते बरंचसं खरं. खारे वारे नीट वाहिले की आकाश स्वच्छ, पहिल्या पावसात तर धूळ धुऊनच निघते. म्हणून आपण धुळीवर भांडतो, बांधकामांना हिरवे पडदे लावतो, तोफेसारखी यंत्रं रस्त्यावर पाणी फवारतात. करावंच, मुलांच्या छातीचा प्रश्न आहे. पण उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड ना दिसतो, ना नाकाला कळतो, ना धुळीसारखा पावसाने धुऊन निघतो. वाऱ्याने वरळीहून हलवला तरी राहणार याच हवेत, त्यातला काही तर हजारो वर्षं.

मिथेन हा तसाच दुसरा वायू त्या मानाने लवकर संपतो, दहा-बारा वर्षांत, पण तेवढ्यात कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो. मुंबईत तो कुठून येतो? इतर जागांबरोबर देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरातून. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला म्हणून बातमी झाली. एरवी ओला कचरा दबून कुजतो, वायू गुपचूप निघत राहतो आणि कुणी फॉरवर्ड करत नाही.

मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा असा नियम आहे. आमच्याकडे त्यासाठी खड्डा खणला होता. आज त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून दोन गाड्या उभ्या असतात. येत्या वार्षिक सभेत तो उघडण्याचा ठराव मी मांडतोय. सूचक मी आहेच, अनुमोदक हवाय. ज्वालामुखीवाल्या काकांनी हात वर केला तर दुधात साखर.