«ट्रॅफिक आला म्हणून होस्टिंग बंद केलं»: या तक्रारीत खरं किती?

स्थानिक न्यूज पोर्टल, ब्लॉग, छोटी ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवाले (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारे) ‘अनलिमिटेड’ म्हणून वर्षाचे पैसे आधीच घेतात. वाचक वाढले की ‘गैरवापर’ म्हणून अकाउंट बंद करतात. नोटीस नाही, पुरावा नाही, वर डेटा अडकवून ठेवतात. सगळा खटाटोप महागडा व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) गळ्यात मारण्यासाठी. आणि शेवटी सल्ला: वाद घालत बसू नका, बँकेत चार्जबॅक टाका (कार्डानं भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागा) आणि दुसरीकडे जा.

यातली एक गोष्ट खरी आहे, दोन अर्ध्या खऱ्या आहेत. सल्ला मात्र आगीतून फुफाट्यात नेणारा आहे.

‘अनलिमिटेड’ ही फसवणूक आहे

हे मान्य. जाहिरातीतला तो शब्द जागेबद्दल आणि डेटा-वहनाबद्दल असतो. खरी मर्यादा सीपीयू, मेमरी, एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस आणि फाइलींची संख्या यांवर असते, आणि ती अटींच्या पानात खोल कुठेतरी पुरलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जाहिरातीतला दिशाभूल करणारा दावा खालच्या बारीक टिपेनं दुरुस्त करता येत नाही. तेव्हा भांडायचं असेल तर मुद्दा हा आहे. बहुतेक जण मात्र भांडतात पुढच्या मुद्द्यावर, आणि तिथं हरतात.

वाचक वाढले म्हणून बंद केलं

आकडेमोड करून बघू. महिन्याला ५ लाख पेजव्ह्यू म्हणजे छोट्या पोर्टलला भरपूर झाले. महिन्याचे सेकंद सुमारे २६ लाख. म्हणजे सरासरी सेकंदाला ०.२ सुद्धा नाही. गर्दीच्या वेळी दसपट धरा, सेकंदाला २.

आता दुसरी बाजू. पुष्कळ शेअर्ड सर्व्हरांवर क्लाउडलिनक्स असतं आणि ते प्रत्येक अकाउंटला वेगळ्या कप्प्यात ठेवतं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये एका अकाउंटला सीपीयूचा एक कोर, १ जीबी मेमरी, १०० प्रोसेस आणि २० एंट्री प्रोसेस मिळतात. होस्ट हे आकडे प्लॅननुसार बदलतो. एंट्री प्रोसेस म्हणजे एकाच क्षणी चालू असलेल्या पीएचपी (पान बनवणारी भाषा) विनंत्या. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आणि एसएसएचही (दुरून कमांडनं सर्व्हरवर शिरणं) त्यात मोजले जातात. चित्रं, सीएसएस (पानाच्या सजावटीच्या फाइली) किंवा आधीच बनवून ठेवलेलं कॅशचं पान वेब सर्व्हर परस्पर देतो, ते यात मोजलं जात नाही.

पान बनायला १.५ सेकंद लागत असेल तर सेकंदाला २ विनंत्यांनी ३ एंट्री प्रोसेस व्यापतात. २० पैकी ३. दहावीच्या निकालाच्या दिवशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि ५ मिनिटांत २,००० जण आले, तरी सेकंदाला ७ विनंत्या आणि १०-११ प्रोसेस होतात. साइट टिकते. पण तेच पान कॅशशिवाय, जड थीमवर (साइटच्या तयार साच्यावर), ४ सेकंदांत बनत असेल तर ७ गुणिले ४ म्हणजे २८. एकविसाव्या माणसाला ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ दिसतं. वाचक दोन्ही वेळा तेवढेच होते, फरक पान बनायला लागलेल्या वेळेचा आहे.

आणि ५०८ म्हणजे बंदी नव्हे! प्रोसेस रिकामी झाली की साइट आपोआप चालू होते. सीपीयूची मर्यादा गाठल्यावर तर एररही येत नाही. कप्प्याचा वेग आवळला जातो, पानं रेंगाळतात, रेंगाळल्यामुळे प्रोसेस साठतात आणि मग ५०८ येतं. निम्म्याहून अधिक ‘बॅन केलं’ तक्रारींत फक्त ५०८चा स्क्रीनशॉट असतो, असं आमचं निरीक्षण आहे.

मग वापर कशाने वाढतो?

अशा पोर्टलचा रॉ अ‍ॅक्सेस लॉग (साइटवर आलेल्या प्रत्येक भेटीची नोंद) उघडा. मराठी शीर्षकांचे पत्ते तिथं टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होऊन दिसतात, त्यानं बिचकू नका. आधी बघायचं ते ओळीच्या सुरुवातीचा आयपी (येणाऱ्याचा इंटरनेट पत्ता), वेळ आणि शेवटचं बॉटचं (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामचं) नाव. एकाच आयपीवरून लॉगिन पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसी फाइलवर (साइटला दुरून जोडणाऱ्या) मिनिटाला पन्नास-शंभर धडका, एसईओ (शोधनिकालात साइट वर आणणाऱ्या) कंपन्यांचे आणि एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट साइटच्या शोध पानावर प्रश्नचिन्हानंतरचे पत्ते बदलत फिरताना, असं दृश्य असतं. प्रश्नचिन्ह असलेल्या पत्त्यांना कॅश सहसा लागू होत नाही, त्यामुळे प्रत्येक भेट म्हणजे एक पीएचपी प्रोसेस.

न सापडणाऱ्या फाइलींकडे तर कोणी बघतच नाही. जुन्या थीमचं एखादं चित्र उडालेलं असतं, पण पानात त्याचा दुवा राहिलेला असतो. वर्डप्रेसमध्ये (अशी पोर्टलं ज्यावर चालतात ती प्रणाली) अशी ४०४ (‘फाइल सापडली नाही’) विनंती मूळ पीएचपी फाइलकडे जाते, म्हणजे एका नसलेल्या चित्रासाठी अख्खं वर्डप्रेस जागं होतं. प्रत्येक पानावर अशी तीन चित्रं असतील तर कॅश लावूनही भार तसाच.

सुरक्षा प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम) बसवलंय म्हणून निश्चिंत राहता येत नाही. प्लगइन बॉटला अडवतं ते पीएचपी चालू झाल्यावर, म्हणजे प्रोसेस खर्च होऊन जाते. तीच अडवणूक एचटीअ‍ॅक्सेस फाइलीत (वेब सर्व्हरचे नियम लिहायची फाइल) किंवा क्लाउडफ्लेअरच्या (साइटपुढं उभ्या राहणाऱ्या गाळणी-सेवेच्या) पातळीवर केली तर पीएचपीपर्यंत काही पोचतच नाही. रोबोट्स फाइलीत (बॉटांसाठीच्या सूचना) क्रॉल-डिले (दोन भेटींमधलं अंतर) लिहून बिंग आणि बरेच एसईओ बॉट मंदावतात. गूगल ती ओळ वाचत नाही.

वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन हेही एक कारण. ते वाचकाच्या (किंवा बॉटच्या) भेटीवर चालतं. कॉन्फिग फाइलीत ते बंद करा आणि सीपॅनलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण पानाच्या) क्रॉन जॉब्समध्ये दर १५ मिनिटांनी लावा. मिनिटं ०, १५, ३०, ४५ अशी न देता ७, २२, ३७, ५२ अशी द्या. शून्याच्या ठोक्याला सर्व्हरवरच्या सगळ्यांचीच क्रॉन एकदम उठतात. दर मिनिटाला लावलंत तर तेच अनेक होस्टांकडे अटीभंग ठरतं.

आता फाइलींची संख्या, म्हणजे आयनोड. अनेक स्वस्त प्लॅनांत ही मर्यादा दोन-अडीच लाखांच्या आसपास असते. फोनच्या कॅमेऱ्यातून थेट आलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो चढवला की वर्डप्रेस मूळ फाइल, एक लहान केलेली प्रत आणि सहा आकार, अशा आठ फाइली ठेवतं. थीमचे पाच आकार धरले तर तेरा. रोज २० फोटो म्हणजे वर्षाला ७,३०० फोटो आणि ९४,९०० फाइली. वेबपी (हलक्या चित्र-प्रकारातल्या) प्रती बनवणारं प्लगइन असेल तर दुप्पट, १ लाख ९० हजारांच्या घरात. एकही वाचक न येता मर्यादा तोंडाशी आली! त्यात ईमेलचं प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल असते, हे लक्षात घ्या. फोटो चढवण्याआधी १,२०० पिक्सेलवर आणणं आणि थीमचे नको असलेले आकार बंद करणं, एवढ्यानं हा प्रश्न निम्म्यावर येतो.

नोटीस न देता तडकाफडकी बंद

नुसता भार जास्त असेल तर चांगला होस्ट आधी कळवतो. न कळवता बंद करणाराला दोष द्यायलाच हवा. पण दोन प्रकारांत तो थांबू शकत नाही. साइट हॅक होऊन तिच्यावर बँकेचं बनावट लॉगिन पान बसलं, किंवा तिच्यातून स्पॅम सुटलं. पहिल्यात डेटा सेंटरकडून होस्टला मोजक्या तासांची मुदत मिळते आणि ती पाळली नाही तर सर्व्हरचा अख्खा आयपी बंद होतो. दुसऱ्यात तो आयपी स्पॅमहॉससारख्या काळ्या यादीत जातो आणि त्याच सर्व्हरवरच्या इतर शेकडो ग्राहकांची पत्रं परत यायला लागतात. यात तुमचा हेतू कोणी विचारत नाही. फुकटात मिळालेली ‘नल्ड’ (परवाना तोडलेली) थीम ही अशा हॅकची नेहमीची वाट.

मेलबद्दल थोडं अधिक. शेअर्ड होस्टिंगवर तासाला काहीशे पत्रांची मर्यादा असते. तासाला २०० असेल तर २,००० वर्गणीदारांच्या बातमीपत्राला १० तास लागतात. जुनी यादी वापरली आणि त्यात मेलेले पत्ते फार निघाले तर परत आलेल्या पत्रांच्या टक्केवारीवरूनच सीपॅनल त्या डोमेनचं मेल थांबवू शकतं. कॅप्चा नसलेला संपर्क फॉर्म, जो भरणाऱ्याला आपोआप ‘धन्यवाद’ पाठवतो, तोही बॉटांच्या हाती स्पॅमचं यंत्र होतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,०००हून अधिक पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्या डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात आणि स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. बातमीपत्रासाठी वेगळी मेल सेवा घ्या, होस्टिंगवरून पाठवूच नका.

पुरावा देत नाहीत

अर्धं खरं. ‘तुमची साइट जास्त रिसोर्स वापरते’ एवढंच उत्तर येतं, कारण तिकिटात (सपोर्टला केलेल्या मदतीच्या विनंतीत) विचारलेलंही तेवढंच मोघम असतं. पहिल्याच तिकिटात हे मागा: कोणती मर्यादा, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या टाइमझोनमध्ये (सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपली वेळ साडेपाच तास पुढे), कोणत्या फाइलीची प्रोसेस, आणि अटींतलं कोणतं कलम. हॅकचा आरोप असेल तर सापडलेल्या फाइलींचे पूर्ण पत्ते मागा आणि साफसफाईसाठी फक्त तुमच्या आयपीपुरतं अकाउंट उघडायला सांगा. ही विनंती बरेचदा मान्य होते.

अर्धा पुरावा तर तुमच्याच सीपॅनलमध्ये असतो. ‘रिसोर्स युसेज’मध्ये मर्यादा कधी, किती वेळा लागली ते दिसतं आणि स्नॅपशॉटमध्ये त्या क्षणाच्या प्रोसेस आणि डेटाबेस क्वेरीही. रॉ अ‍ॅक्सेसमध्ये लॉग साठवण्याची खूण मात्र पहिल्या दिवशीच करून ठेवावी लागते. अकाउंट बंद झाल्यावर पॅनल उघडत नाही, म्हणून इशारा येताक्षणी आधी हे सगळं उतरवून घ्या, उत्तर नंतर लिहा.

डेटा अडकवतात

इथं दोन शब्दांची गल्लत होते. सस्पेंड म्हणजे पासवर्ड गोठवला, साइटच्या जागी पाटी लावली. फाइली जागेवरच असतात. टर्मिनेट म्हणजे पुसून टाकलं. दोन्हींत किती दिवसांचं अंतर आहे ते होस्टनुसार बदलतं, म्हणून तिकिटात तारीखच विचारा. बॅकअप मात्र तुमचाच हवा, अकाउंटच्या बाहेर. सीपॅनलची पूर्ण बॅकअप फाइल त्याच अकाउंटात पडून ठेवणं हा पुष्कळांकडे स्वतःच एक अटीभंग आहे, आणि ती फाइल पूर्णपणे परत चढवायला होस्टच लागतो. डेटाबेस आणि वर्डप्रेसचा कंटेंट फोल्डर वेगळे उतरवून ठेवले तर कुठेही उभं राहता येतं.

डोमेन दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. हे कितीही सांगितलं तरी कमी. डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी आयकॅनच्या (डोमेनांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) नियमानुसार मागणी केल्यापासून ५ दिवसांत ट्रान्सफर कोड मिळायला हवा, पण नोंदणीनंतरच्या पहिल्या ६० दिवसांत हलवणं होत नाही. होस्टिंगसोबत ‘फुकट’ घेतलेलं डोमेन म्हणजे वादात दोन्ही किल्ल्या एकाच हातात.

चार्जबॅक टाका

अजिबात नको, निदान पहिलं पाऊल म्हणून नको. वाद बँकेतून आला की होस्टची बिलिंग यंत्रणा तुमचं ग्राहक खातंच गोठवते, त्यात दुसऱ्या साइट आणि डोमेनही येतात. शिवाय अटीभंग खरा असेल तर होस्ट लॉग जोडून चार्जबॅक जिंकतो.

त्याऐवजी, होस्ट भारतातला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार तो ‘मध्यस्थ’ ठरतो. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यानं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायला हवं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायला हवी आणि ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीआधी १५) ती निकाली काढायला हवी. सपोर्ट तिकीट म्हणजे ही तक्रार नव्हे. ती त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर वेगळी पाठवा. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४६) मध्ये, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट ‘अनुचित करारा’त मोडते, त्याची तक्रार जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जाते. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. एकट्यानं चालवलेल्या पोर्टलला हा फरक कामाचा आहे.

व्हीपीएस गळ्यात मारायलाच हे सगळं

विक्रीवाले संधी साधतात, नाही असं नाही. त्यात २०१९मध्ये सीपॅनलनं अकाउंटगणिक दर लावला, तेव्हापासून स्वस्त ग्राहक होस्टला आणखीच जड झाला. पण कॅश लावली, बॉट दाराबाहेर रोखले, क्रॉन सुधारलं आणि तरीही ‘रिसोर्स युसेज’मध्ये रोज मर्यादा लागते, तेव्हाच व्हीपीएसचा विचार करावा. त्याआधी गेलात तर तेच बॉट तिथंही येतात. १ जीबीच्या व्हीपीएसवर ५०८ दिसत नाही एवढंच. मेमरी संपली की मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम) पडतं, पानावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढी एक ओळ उरते, आणि रात्री दोन वाजता ते उठवायचं काम तुमचं.