आवळ्याभोपळ्याची मोट

पडद्यावर हलतं ते सगळं सारखंच, अशी आमच्या घरातल्या ज्येष्ठ मंडळींची श्रद्धा आहे. मग ते फोनवर काढलेलं असो, कॅमेऱ्यावर काढलेलं असो, नाहीतर कुणीतरी पुढे ढकललेलं असो. त्यामुळे "एवढे सगळे व्हिडिओ एका सीडीवर टाकून दे रे, टीव्हीवर बघता येतील," असं आत्या म्हणाली, तेव्हा तिच्या हिशेबी ते येता-जाता उरकायचं काम होतं. डीव्हीडीला ती सीडीच म्हणते. तिच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची सोय नाही, पण खालचा डीव्हीडी प्लेअर ठणठणीत आहे. तो बिघडेल या आशेवर घरातल्या दोन पिढ्या जगल्या, तो बिघडला नाही.

पेनड्राइव्ह उघडला आणि आत सगळं गणगोत दिसलं. त्यात वयोवृद्ध म्हणजे एक थ्रीजीपी फाइल. कॅमेरेवाले फोन नवे असतानाची, १७६ बाय १४४ ठिपक्यांची. तिच्यात धाकटे काका नाचताना दिसतात असं सगळे शपथेवर सांगतात. मला काही तपकिरी चौकोन सरकताना दिसले, त्यातला वरचा काका असावेत. मग व्हीसीडीवरून उतरवलेली एक डॅट फाइल. मिनीडीव्ही कॅसेटवरून कॅप्चर केलेली एक एव्हीआय, जी तासाला १३ जीबी या दराने जागा खाते. कुठल्याशा डब्ल्यूएमव्ही, एक एमकेव्ही, फोनवरच्या एमपी४ची झुंबड, आणि त्यातल्या निम्म्या उभ्या. शिवाय आणखी एक एव्हीआय, जिच्यातून फक्त आवाज यायचा. चित्राच्या जागी मिट्ट काळोख.

एव्हीआय या प्रकारावर माझा जुना राग आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली काढलेलं हे निव्वळ वेष्टन. आत डीव्ही असेल, डिव्हएक्स असेल, एक्सव्हिड असेल, किंवा ज्याचा कोडेक (चित्र आकसून साठवायची आणि पुन्हा उलगडायची रीत) बनवणारेही आता विसरले असतील असं काहीतरी असेल. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. एमकेव्ही आणि एमपी४ हीसुद्धा वेष्टनंच, पण ती निदान थोडी सभ्य घरातली.

आता ज्या डीव्हीडीत हे सगळं कोंबायचं, तिचा स्वभाव बघा. तिचे नियम १९९५-९६ च्या सुमारास ठरले आणि तेव्हापासून तिने कुणाचंही ऐकलेलं नाही. चित्र एमपेग-२ या रीतीनेच आकसलेलं हवं, फार तर एमपेग-१. टीव्हीची पाल पद्धत (आपल्याकडची) असेल तर ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी (अमेरिकेकडची) असेल तर ७२० बाय ४८० आणि सेकंदाला २९.९७. हो, तीसला तीन शतांश कमी. हे कुणी आणि का ठरवलं हे रंगीत टीव्हीच्या जन्माशी जोडलेलं प्रकरण आहे, त्यात शिरलं की माणूस परत येत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झचा. चित्राचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्ची पडणारा डेटा, ९.८ मेगाबिटच्या वर गेलेला चालणार नाही. आणि हे सगळं व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरात, व्हीओबी फाइलींमध्ये, एकेक फाइल १ जीबीच्या आत. सोबत कुठे काय आहे ते प्लेअरला सांगणारी आयएफओ फाइल, आणि आयएफओला काही झालं तर म्हणून तिचीच नक्कल बीयूपी. इतका बंदोबस्त.

हा हट्ट ऐकून संताप येतो, पण याच हट्टामुळे कुठल्याही कंपनीची तबकडी कुठल्याही कंपनीच्या प्लेअरवर चालत आली, हेही खरं.

माझ्या आधी हे काम चुलतभावाकडे गेलं होतं. त्याने सगळ्या फाइली निवडल्या, ओढल्या, तबकडीच्या चित्रावर सोडल्या आणि राइट करून मोकळा झाला. त्याच्या संगणकावर चालल्या म्हणे. चालणारच. ती डेटा डीव्हीडी झाली, म्हणजे गोल आकाराचा पेनड्राइव्ह. आत्याच्या प्लेअरने ती आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि 'डिस्क एरर' म्हणून बाहेर काढून हातात ठेवली. भावाचं म्हणणं, प्लेअरच बाद आहे. प्लेअरचं म्हणणं भावाबद्दल तेच असावं.

तेव्हा प्रत्येक फाइलचं धर्मांतर करणं आलं. इथे एक गंमत कळली. सगळ्यात कमी त्रास दिला तो त्या जुनाट डॅट फाइलने. ती मुळात एमपेग-१, ३५२ बाय २८८ ची, आणि डीव्हीडीला हे माप चक्क मंजूर आहे. आवाज तेवढा ४४.१ चा ४८ करायचा, की बाई घरात. उलट कालपरवाच्या महागड्या फोनवरच्या देखण्या व्हिडिओंनी जीव नकोसा केला.

फोनच्या व्हिडिओचा फ्रेमचा वेग एक नसतो. उजेड कमी झाला की फोन फ्रेम कमी काढतो, उजेड आला की वाढवतो, आणि हे कुणाला सांगत नाही. डीव्हीडीला तर सेकंदाला मोजून २५ पाहिजेत. मग बदलताना हिशेब चुकतो आणि आवाज हळूहळू मागे पडतो. एका व्हिडिओत मावसबहीण सुरुवातीला तोंड आणि शब्द यांची नीट सांगड घालून बोलत होती. शेवटाकडे ती बोलायची थांबून पाणी प्यायली तरी तिचं बोलणं चालूच. घरच्यांच्या मते यात काही चूक नव्हती, ती तशीच आहे.

आणि ते उभे व्हिडिओ. फोन आडवा धरायला किती कष्ट पडतात? उभं चित्र १६:९ च्या पडद्यावर बसवलं की रुंदीचा तिसरा हिस्साही भरत नाही. मधे एक चिंचोळी पट्टी, तिच्यात माणसं, आणि दोन्हीकडे काळा अंधार. नको असेल तर ताणा. ताणलं की घरातली सगळ्यात किडकिडीत व्यक्तीसुद्धा दारातून आडवी होऊन जावी लागेल अशी दिसते. जुन्या ४:३ च्या चित्रांचंही तेच. मी काळ्या पट्ट्या ठेवल्या. नातेसंबंध टिकवायचे असतील तर काळ्या पट्ट्याच बऱ्या.

मिनीडीव्हीच्या फाइलीला वेगळंच दुखणं. तिच्यात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम रेघांच्या दोन हिश्शांत विभागलेली असते, आणि डीव्ही खालचा हिस्सा आधी दाखवतं. डीव्हीडीसाठी बहुतेक सॉफ्टवेअर वरचा हिस्सा आधी धरून चालतात. ही खूण चुकली की स्थिर बसलेला माणूस व्यवस्थित दिसतो, पण हात हलवला की हात पुढे-मागे-पुढे थरथरतो. संगणकाच्या पडद्यावर हे धड दिसतही नाही, टीव्हीवर लावलं की समजतं. आजोबा नमस्कार करताहेत की थंडीने कुडकुडताहेत हे ठरवायला मला सेटिंग बदलून पुन्हा सगळं चालवावं लागलं.

एफएफएमपेग नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याला 'टार्गेट पाल-डीव्हीडी' एवढा हुकूम दिला की माप, फ्रेम, आवाज सगळं ते आपलं आपण ठरवतं. त्याच्यासमोर मी मनोमन हात जोडले. मिट्ट काळोखवाली एव्हीआयसुद्धा त्याने उजेडात आणली. आत एका भिंतीचं चित्रण होतं. कॅमेरा चालू राहिला असावा.

खरा तमाशा पुढे, जागावाटपात. तबकडीवर लिहिलेलं असतं ४.७ जीबी, संगणक दाखवतो ४.३७. पळवापळवी कुणी केलेली नाही, एक जण हजाराने मोजतो आणि दुसरा १०२४ ने. एकूण ऐवज निघाला ३ तासांच्या वर. ३ तास म्हणजे १०,८०० सेकंद, तबकडीवर मावतात साधारण ३७,६०० मेगाबिट. भागाकार केला तर सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आतबाहेर, त्यातच आवाज. एवढ्यात चेहरे बरे दिसतात, पण कुणी नाचायला लागलं की त्याचे ठोकळे होतात. दोन तासांपर्यंत आणलं तर पाचाच्या वर मिळतात आणि चित्र सुधारतं. म्हणजे तासभर छाटायचा.

कोणाचा? थोरल्या काकांचं भाषण एकटंच ३८ मिनिटांचं. मी नुसतं "थोडं कमी करूया का" असं विचारलं.

"करा की," काका म्हणाले. "आमचं काय. आधीचं पहिलं मिनिट काढा, खोकल्याचं."

मग आत्याने सुचवलं की बारशाचा व्हिडिओ काढ, ते बाळ सगळाच वेळ झोपलेलं आहे. ते बाळ आता इंजिनिअर आहे आणि त्याने नकार दिला. भिंतीचा व्हिडिओ काढायलाही विरोध झाला, कारण मागून जो आवाज येतो तो आजीचा आहे. तो अर्थात ठेवलाच. ८.५ जीबीची दोन थरांची तबकडी वापरावी म्हटलं, तर आत्याचा प्लेअर पहिला थर संपला की जागच्या जागी समाधी लावतो. शेवटी मी आवाजाचा बिटरेट उतरवला, भाषणातल्या टाळ्या छाटल्या आणि कुणाला न सांगता प्रत्येक व्हिडिओचं थोडं शेपूट कापलं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. काकांना टाळ्या कमी वाटल्या, पण तो दोष ते श्रोत्यांना देतात.

बर्निंगबद्दल फार सांगत नाही. डॅशवाली तबकडी (डीव्हीडी-आर) आणि प्लसवाली तबकडी (डीव्हीडी+आर) अशा दोन जाती आहेत, वेगवेगळ्या कंपूंनी काढलेल्या, आणि जुने प्लेअर त्यात आवडनिवड करतात. वेग कमी ठेवायचा, शेवटी फायनलाइझ करायचं, म्हणजे लिहिणं पुरं करून तबकडी बंद करायची, आणि तोवर टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही. मी घरातल्यांना त्या खोलीत फिरकू दिलं नाही.

वर एक झकास मेन्यू केला. प्रत्येक व्हिडिओचं छोटं हलतं चित्र, खाली नाव, मागे बासरीची अर्ध्या मिनिटाची धून, संपली की पुन्हा सुरू होणारी. तबकडी आत्याकडे पोचली आणि संध्याकाळी फोन आला.

"छान झालीय रे. सगळे जण दिसले. पण किती बारीक बारीक दिसतात! आणि तेच तेच येतंय."

"आत्या, तो मेन्यू आहे. बाण दाबून एकेकावर जायचं आणि मधलं बटण दाबायचं."

"बाण कुठले? रिमोट कधीच गेला. आम्ही पुढच्या बटणावर चालवतो."

प्लेअरच्या पुढच्या बाजूला बटणं तीन: उघडा, चालवा, थांबवा. ती आणि आतोबा अर्धा तास बासरी ऐकत मेन्यू बघत बसले होते, आणि काकांचं भाषण इतकं आटोपशीर कधी वाटलं नव्हतं असं आतोबांचं मत पडलं.

मी मेन्यू काढून टाकला. तबकडी आत गेली की थेट पहिला व्हिडिओ, तो संपला की दुसरा, कुणाला काही दाबायला नको, अशी नवी तबकडी करून पाठवली. पुन्हा फोन आला.

"ही पण चालते. पण ते बासरीचं होतं ना, ते जास्त चांगलं होतं. ते का रे काढलंस?"