बिनबाराची बंदूक

ग्वाल्हेरात खोटी बंदूक बाळगू नये. खरी बाळगावी, नाहीतर सरळ लाटणं बाळगावं.

आमची खोटी आहे. विंचेस्टर 1873 ची हुबेहूब नक्कल, काकांनी स्पेनहून आणलेली. जस्ताच्या मिश्रधातूची, नळी आतून बंद. पण ट्रिगरभोवतीचा तो लिव्हर खाली ओढला की आतले सांधे गुडघ्यासारखे दुमडतात, बोल्ट मागे सरकतो, घोडा चढतो. खाली ‘खटॅक’, वर ‘खट्’. खऱ्या बंदुकीत तेवढ्यात रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं वर येतं. आमच्या बंदुकीत आवाज येतो, बस. त्या आवाजासाठी मी वर्षातून दोनदा सगळे स्क्रू उघडतो, तेलाचा एकेक थेंब सोडतो आणि जीव मुठीत धरून पुन्हा आवळतो, कारण पाव फेरा जास्त झाला की जस्तातले आटे गेलेच. “एवढं तेल पंख्याला घातलं असतंत,” असं बायको म्हणते. पंखा अजून कुरकुरतोय, तो विषय वेगळा.

खंडेनवमीच्या आठ दिवस आधी आतली पट्टीची कमान तुटली आणि लिव्हर म्हाताऱ्याच्या जबड्यासारखा लोंबायला लागला. बंदूकवाल्यानं हात लावायच्या आधीच ओळखलं आणि मला दौलतगंजातल्या शिलाई मशीनच्या मिस्त्रीकडे पाठवलं. चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन मी ई-रिक्षात बसलो. पुण्यात असतो तर लोकांनी पोलीस बोलावले असते. इथे रिक्षावाल्यानं नळी बघून फक्त पाय आवरून बसायला सांगितलं.

मिस्त्रीकडे स्टुलावर एक दद्दा बसले होते. पांढऱ्या मिशा, खांद्याला दुनाळी, खरी. बायकोचं पिकोचं मशीन दुरुस्तीला आणलं होतं. काकू मशीनपाशी आणि दद्दा पहाऱ्यावर, अशी वाटणी. मी चादर सोडली तसे ते उठून आले.

“कित्ते बोर की है?”

“बोर नहीं है दद्दा. नली बंद है.”

“बंद है, तो गोली काँ से जाती है?”

“जाती ही नहीं.”

“आती काँ से है?”

“आती भी नहीं.”

दद्दा थोडा वेळ नळीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. डॉक्टर रिपोर्ट बघून नातेवाइकांकडे बघतात तसे.

“तो जे करती का है?”

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस अपमानात प्रामाणिक होतो. मी म्हणालो, “खटॅक करती है.”

“सुन रई हो?” दद्दा वळून काकूंना म्हणाले, “भाईसाब की बंदूक खटॅक करती है!”

काकूंनी बॉबिनवरून नजर न उचलता विचारलं, “और तुम्हारी ने कौन-सा तीर मार लिया?”

“काए, बारात में नहीं चली?”

ही वरातीतली बंदूक म्हणजे माझी दुखरी नस. गेल्या लग्नसराईत आमच्या चिटणीस की गोठ या मोहल्ल्यात कुणीतरी अशीच आनंदानं झाडली आणि आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला भोक पडलं. 2019 पासून कायद्यात अशा हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. मला मिळालं काय? वरातीतला एक लाडू. भोक मीच एमसीलनं बुजवलं. टाकीऐवजी गच्चीवर आई वाळवण घालत असती तर? पण हे इथे बोलायचं नाही, कारण इथे बंदूक म्हणजे इज्जत. 2008 साली शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्स लवकर देऊ केलं होतं. 2019 मध्ये आमच्या ग्वाल्हेरात लायसन्स हवं तर दहा झाडं लावून त्यांच्यासोबत फोटो काढा म्हणाले आणि डिसेंबरात गोशाळेला दहा ब्लँकेटं द्या म्हणाले. लोकांनी दिलीही. दद्दांच्या दुनाळीमागे झाडं होती, ब्लँकेटं होती की आणखी काही, हे काकूंना विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

तोवर मिस्त्री कामाला लागला होता. हा माणूस मात्र देव. चावीच्या घड्याळाच्या जुन्या कमानीचा तुकडा कापला, तापवून वाकवला, कानशीनं दोनच हात मारले, बसवून बघितला, काढला, पुन्हा एक हात. मग शिलाई मशीनचं तेल. लिव्हर ओढला. खटॅक. खट्. काकांच्या हयातीतही इतका गोड आवाज आला नव्हता.

“लाओ, देखें,” दद्दा म्हणाले.

ग्वाल्हेरात मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दद्दांची दुनाळी मधोमध मोडून भरायची. असा लिव्हर त्यांनी कधी हातात धरला नसावा. एकदा ओढला. मिशा हलल्या. दुसऱ्यांदा ओढला. मग पाय फाकून, गल्लीतल्या सायकलींवर नेम धरून खटॅक-खट् खटॅक-खट् सुरू झालं. “अरे वाह! अरे वाह!” मी मोजत होतो. अकराव्या वेळी ‘टिंग’ झालं आणि कमान उडून चिंध्यांच्या ढिगात गेली.

दद्दांनी बंदूक माझ्या हातात ठेवली, अगदी हळू.

“पैले ही कई थी हमने. खिलौना है.”

मशीन उचलून दोघं निघून गेले. मशीन अर्थात काकूंनी उचललं. दद्दांच्या खांद्यावर बंदूक होती ना.

मिस्त्रीनं दीडशे रुपये मागितले. मी म्हटलं, तुटली की. तो म्हणाला, “काम तो हो गया था, साब.” त्यात खोट काढता येईना. लोंबणारा लिव्हर त्यानं पिकोच्या राणी रंगाच्या दोऱ्यानं घट्ट बांधून दिला, तेवढा फुकट.

खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवली. आईला वाटलं, मी पूजेचा नाडा बांधलाय. तिनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं आणि हळदकुंकू थेट त्या दोऱ्यालाच वाहिलं.