हेंड्रिक्स, आई आणि बर्डीवरचं दीडशेचं पुस्तक

मागच्या महिन्यात नागपूरला बर्डीवर मोबाईलचा चार्जर घ्यायला गेलो आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमेरिकन गिटारवाला जिमी हेंड्रिक्स याचं जाडजूड इंग्रजी चरित्र दिसलं, कव्हरवर चहाच्या कपाचा गोल डाग, तो म्हणे अडीचशे, मी म्हटलं शंभर, दीडशेत जमलं. चार्जर राहूनच गेला. घरी येऊन पाहतो तर मधल्या फोटोंमधलं एक पान कोणीतरी ब्लेडनं एकदम सफाईनं कापून नेलेलं. फोटोंच्या यादीवरून समजलं कोणतं ते. मॉन्टेरेच्या म्युझिक फेस्टिव्हलचं, 1967 चं, गुडघ्यावर बसून जळत्या गिटारीवर बोटं नाचवून राहिला ते. अर्ध्या गिटार क्लासांच्या भिंतीवर असते तेच. चिडलो ना भाऊ, दीडशे रुपये देऊन मेन फोटोच गायब.

मग बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरसमोर खाट, आणि दोन आठवडे दुपारी तेवढंच काम.

आई बाजूला बसून वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होती. तिनं विचारलं एवढं काय वाचून राहिला. आता आईला हेंड्रिक्स कुठून सांगायला सुरुवात करायची, म्हणून सरळ जळत्या गिटारीपासून केली. आमच्या घरी दसऱ्याला गिटारीला हळदकुंकू लागते, वर झेंडूचं फूल, पाय लागला तर अजूनही हात आपोआप कपाळाला जाते. आईचा हात डब्यातच थांबला. "जाळली? काऊन? पैसे जास्त झाले होते का त्याचे?" आणि लगेच, "त्याले आई नव्हती का सांगाले?"

नव्हती. हेच तर. त्याची आई 1958 मध्ये गेली, बत्तीस वर्षांची होती, हा पंधराचा. बापानं त्याला आणि त्याच्या लहान भावाला अंत्यविधीला नेलंच नाही, दोघांच्या हातात व्हिस्कीचा एकेक घोट दिला आणि सांगितलं पुरुषानं दुःख असं झेलायचं असते. त्याच्या आदल्या वर्षी बापासोबत कुठंतरी सफाईच्या कामाला गेला होता तिथं कचऱ्यात एक उकुलेले, म्हणजे छोट्या गिटारीसारखं वाद्य, सापडलं होतं, एकच तार असलेलं. त्याच्याआधी घरातला झाडूच गिटार म्हणून धरून फिरायचा. खरी गिटार आली ती पाच डॉलरची. हे सगळं आईला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग उठून गॅसवर चहा ठेवला.

जाळण्याचं प्रकरण मात्र पुस्तकात वाचलं की हवाच निघून जाते. मला इतकी वर्षं वाटायचं की भाऊ तंद्रीत होता, संगीताची आहुती वगैरे. काही नाही बे. लंडनला मार्च 1967 मध्ये पहिल्यांदा जाळली ती एका पत्रकाराच्या आयडियावरून, पेपरात नाव यावं म्हणून, त्यासाठी लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आणायला माणूस पाठवला, आणि याचेच हात भाजले म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. जूनमध्ये मॉन्टेरेला द हू बँडवाले याच्याआधी चढले आणि गिटार आपटून फोडून गेले, आता त्याच्यावर काय करणार, तर आग. आणि अख्खा कार्यक्रम ज्या काळ्या गिटारीवर वाजवला ती बाजूला ठेवली, शेवटच्या गाण्याला दुसरी घेतली, स्वतः रंगवलेली, ती जाळली. हे ऐकल्यावर आई एकदम निवांत झाली. "मंग ठीक आहे. तळण करताना कोणी पैठणी नेसते का."

एवढ्या पानांचं एवढं नेमकं परीक्षण मला नाही जमणार.

आता मला जे खरंच बोलायचं आहे ते. हेंड्रिक्स म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात, आग आणि सत्ताविसाव्या वर्षी मरण. आणि मध्ये एक "देवाची देणगी". हा शब्द ऐकला ना की माझं डोकं फिरते. देणगी म्हटलं की आपण सुटलो, त्यानं काय केलं ते पाहायची गरजच नाही. पुस्तकाचा अर्धा भाग तो फेमस व्हायच्या आधीचा आहे आणि तोच भाग लोक भराभर पलटवतात. मी तोच दोनदा वाचला.

कारण मी स्वतः दुसऱ्या लाईनीत उभा राहिलेलो माणूस आहे. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात रिदम गिटार वाजवायचो, महाल, इतवारी, तिकडे भंडाऱ्यापर्यंत, गणपती आणि लग्नाचा सीझन. सगळ्यांना सारखे चमकीचे मरून शर्ट, घामानं बगलेत पांढरे व्हायचे. मालक म्हणायचा गिटार दिसली पाहिजे, ऐकू आली नाही तरी चालते. एकदा एका गाण्यात मी इंटरल्यूडला दोन सूर जास्तीचे काय घेतले, उतरल्यावर सगळ्यांसमोर झापला आणि पन्नास रुपये कापले.

हेंड्रिक्सनं हे तीनचार वर्षं केलं. 1961 मध्ये चोरीच्या गाडीत सापडला, जेल नको म्हणून सैन्यात गेला, पॅराशूटवाल्या 101 व्या डिव्हिजनमध्ये, तिथं मन लागेना, बापाला पत्र लिहून गिटार मागवून घेतली, 1962 मध्ये बाहेर. मग अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांसाठीचे जे वेगळे क्लब असायचे तिथं रात्र रात्र, आज एका गायकामागे, उद्या दुसऱ्यामागे. आयस्ले ब्रदर्सच्या मागे, लिटल रिचर्डच्या मागे. एकसारखे कोट, ठरलेल्या स्टेप्स, मेन माणसापेक्षा चमकायचं नाही. लिटल रिचर्डकडे कपड्यांवरून आणि उशिरा येण्यावरून वाद झाले आणि हकालपट्टी. गिटार कितीदा तरी गहाण टाकली. त्याचं रिदम वाजवणं ऐकाल ना, अंगठा गिटारीच्या मानेवरून वरच्या तारेवर टाकून बेस धरायचा आणि मोकळ्या बोटांनी मध्येच बारीक बारीक नक्षी, ते आकाशातून नाही पडलं. गायकाच्या मागे राहून, त्याला न अडवता, मिळालेल्या फटीत वाजवायची सवय आहे ती.

आणि ऑक्टोबर 1965 मध्ये त्यानं एका निर्मात्यासोबत तीन वर्षांचा करार केला. ॲडव्हान्स किती? एक डॉलर. रॉयल्टी एक टक्का. वाचता वाचता मी पुस्तक छातीवर पालथं ठेवलं. कारण पुढं मोठा झाल्यावर तोच कागद आडवा आला, 1970 चा तो बँड ऑफ जिप्सीजचा लाईव्ह अल्बम त्या भांडणाचा हिशोब चुकवायलाच द्यावा लागला. आमच्या मालकानं निदान कागद तरी नव्हता केला!

लंडनला तो उतरला 24 सप्टेंबर 1966 ला आणि तिथंच मेला 18 सप्टेंबर 1970 ला. मोजून पाहा, चार वर्षांना सहा दिवस कमी. आख्खं "हेंड्रिक्स" तेवढ्यात झालं, जिवंतपणी स्टुडिओ अल्बम फक्त तीन. ॲनिमल्स बँडचा बेसवाला चास चँडलर त्याला घेऊन गेला, आठवडा झाला आणि पोट्टा क्रीम बँडच्या स्टेजवर चढून त्यांचा गिटारवाला एरिक क्लॅप्टनच्या बाजूला वाजवून राहिला. अख्खं शहर अवाक. पण त्यांना हा आठवडाभर जुना होता. दुसऱ्या लाईनीतली वर्षं त्यांनी पाहिलीच नव्हती.

पुस्तकानं त्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही हे मला आवडलं. दारू पोटात गेली की हा शांत लाजाळू माणूस हिंसक व्हायचा, बायकांवर हात उचलायचा, ते पुस्तकात आहे आणि झाकलेलं नाही. मी त्याचा फॅन आहे म्हणून ती पानं गिळणार नाही.

वूडस्टॉकच्या फेस्टिव्हलचंही तसंच. आपल्याला वाटते लाखोंच्या गर्दीसमोर. त्याचा नंबर रविवारी रात्रीचा होता, चढायला सोमवारची सकाळ उजाडली, 18 ऑगस्ट 1969, बहुतेक लोक घरी निघून गेले होते, चिखल आणि कचरा. तेव्हा त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, मध्ये बॉम्ब पडल्याचे, विमानांचे आवाज, व्हिएतनाम सुरू होतं. बिछायतवाले सतरंज्या गुंडाळून राहिले, खुर्च्या एकात एक घालायचा आवाज येऊन राहिला आणि आपलं शेवटचं गाणं बाकी आहे, हे ज्यानं भोगलं आहे त्याला समजते अशा वेळी हात किती जड होते. आणि ते आवाज म्हणजे काय, तर आपल्याकडे माईक स्पीकरसमोर आला की कुईंऽऽ करते आणि साऊंडवाला धावत येते, ते. तो ॲम्पसमोर मुद्दाम उभा राहून ते बोलवायचा, आणि आलं की गिटारीवरच्या, तारा ढिल्या-ताठ करायच्या हँडलनं वाकवायचा.

मरणावर लेखकानं खूप पानं घातलीत, रात्री कोण कुठं होतं, ॲम्ब्युलन्स किती वाजता. मी पलटवली. झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या आणि झोपेतच उलटी श्वासात गेली. मला जास्त लागलं ते हे की न्यूयॉर्कला त्याचा स्वतःचा स्टुडिओ, एवढा खर्च करून बांधलेला, 26 ऑगस्ट 1970 ला उघडला होता. जेमतेम तीन आठवडे झाले होते... साताठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःची जागा.

बरं, डाव्या हाताचं राहिलं. तो डेबरा होता हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या बापाला ते अशुभ वाटायचं, सैतानाचं लक्षण, म्हणून बाप घरात असला की उजव्या हातानं वाजवायचा. हे वाचून मी आईकडे पाहिलं आणि आईनं कुरड्यांकडे. मी पण डेबराच. आजी डाव्या हाताला चमच्यानं मारायची, प्रसाद डाव्या हातानं घेतला की परत ठेवायला लावायची. गिटार क्लासचे सर म्हणाले डाव्या हाताची गिटार नागपुरात मिळत नाही, उजव्यानंच शिक, आणि मी शिकलो. तीस वर्षं झाली, मनगट आजही थोडं लाकडाचंच आहे. त्यानं काय केलं, उजव्या हाताचीच गिटार उलटी धरली आणि तारा काढून उलट क्रमानं लावल्या. बटणं वर, हँडल वर, सगळं कोपराखाली येणारं. मला चौदाव्या वर्षी हे सुचलंच नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

तर काल रात्री माळ्यावरून जुनी गिटार काढली. आई म्हणे झोप आता. तारा सोडल्या, उलट्या लावल्या. लागत नाहीत. जाडी तार पातळ तारेच्या खाचेत बसत नाही, वरच तरंगते, आणि पातळ तार जाडीच्या खाचेत सैल पडून नुसती झणझणते. म्हणजे नट, ती मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, आधी घासावा लागणार. एवढ्या मोठ्या पुस्तकात नटवर एक ओळ नाही राजेहो.

बारीक गोल कानस आहे का कोणाकडे, दोन दिवसांसाठी? इतवारीत कुठं मिळते तेही चालेल, पण सकाळी सकाळी सांगा, अकरानंतर ऊन फार होते.